काळ्या बिअरचा पंचनामा

माझे सासरे नारायण विष्णू अभ्यंकर, म्हणजे सगळ्यांचे नानासाहेब, एकतीस वर्षं सांगली जिल्ह्यात दारू पकडत होते. राज्य उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक म्हणून लागले आणि दुय्यम निरीक्षक म्हणूनच निवृत्त झाले. बढती का मिळाली नाही हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी दोष दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा. मला ते कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मायेचे उमाळे शोधत बसणार नाही.

त्यांचं सगळं आयुष्य नाकावर चाललं. हातभट्टीवाले आंबायला घातलेलं गुळाचं रसायन पिंपात भरून बाभळीखाली पुरायचे. नाना लोखंडी सळई घेऊन रान तुडवत जायचे, जागोजाग सळई खुपसायचे आणि तिचं टोक हुंगायचे. वास आला की खणा. निवृत्तीनंतर सळई खात्यात जमा झाली, नाक काही जमा झालं नाही. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या मामाला मांडवाच्या दारातच थांबवून जवळ ओढलं आणि हुंगलं. मामाने होमिओपॅथीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. ही गोष्ट नाना पुढे कौतुकाने सांगत, त्यांना स्पिरिटचा वास बरोबर लागला होता म्हणून. माझा मामा मात्र पुन्हा त्यांच्या घरी कधी गेला नाही.

२००६ च्या मार्चमध्ये ते आमच्याकडे न्यूझीलंडमधल्या पापाकुराला आले. सासूबाई, मालतीबाई, आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि नाना सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटेच होते. माझा नवरा शंतनु हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याने मला न विचारता त्यांचं तिकीट काढलं आणि काढल्यावर विचारलं. आमच्या घरात निजायच्या खोल्या दोनच. म्हणून आठ वर्षांच्या अनुष्काच्या खोलीत दुसरा पलंग टाकला आणि आजोबा-नातीची सोय तिथे केली. काही महिने असं चालेल, पुढे त्यांच्या कायमच्या राहण्याचे कागद भरू, आणि गॅरेजला आतून लाकूड ठोकून, कार्पेट घालून त्यांची स्वतंत्र खोली करू, असं शंतनुने जेवताना सांगितलं. त्याने फॉर्म आणूनही ठेवला होता. मी ताट बाजूला सारून उठले.

कारण गॅरेज माझं होतं. गाडी आम्ही बाहेरच लावायचो. गॅरेजमध्ये मी बिअर करत असे. नाना राहिले तर गॅरेज जाणार आणि गॅरेज राहायचं तर नाना जायला हवेत, इतकी ती सरळ गोष्ट होती, आणि ती मला त्या रात्रीच्या जेवणापासून शेवटपर्यंत एक दिवसही विसरता आली नाही.

बिअरचं म्हणाल तर ती मला शेजारच्या हेमीने शिकवली. आम्ही २००१ मध्ये इथे आलो तेव्हा शंतनुला महिन्याभरात नोकरी लागली. मी माटुंग्याला केमिकल टेक्नॉलॉजी शिकलेली, मुंबईत पाच वर्षं कारखान्यात काम केलेली, आणि मला चौदा महिने एकच उत्तर मिळत होतं: तुम्हाला न्यूझीलंडचा अनुभव नाही. मी दिवसभर कडेवर मूल घेऊन कुंपणाशी उभी असायचे. हेमी मांसाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, अगडबंब, कमी बोलणारा माओरी माणूस. एके दिवशी त्याने कुंपणावरून तीस लिटरची पांढरी प्लास्टिकची बादली माझ्याकडे दिली. तिला खाली तोटी होती आणि झाकणाला एक भोक. तुझं डोकं रिकामं आहे, ते भरायला हे घे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. पुढे मला दूध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, पण बादली राहिली.

मी काळीच बिअर करते. पिवळ्या बिअरमध्ये मला काही सापडलं नाही. काळीसाठी लागणारं धान्य म्हणजे सातू, मोड आणून वाळवलेले आणि मग कमीजास्त भाजलेले. एक तऱ्हा तांबूस, कॅरमलसारखी गोड. एक चॉकलेटच्या रंगाची. आणि एक पार काळी, कॉफीच्या बीसारखी खरपूस. ही मूठमूठ धान्यं मी जाड पिशवीत घालून लाटण्याने भरडायची. पीठ करायचं नाही, नुसती फोडायची. मग चक्का टांगायच्या मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून गरम पाण्यात अर्धा तास सोडायची. पाणी सदुसष्ट अंशांवर ठेवायचं. उकळलं तर चहा जास्त उकळल्यासारखा तुरटपणा उतरतो. पुरचुंडी काढली की त्या काळ्या पाण्यात डब्यातला माल्टचा दाट पाक आणि हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळायचं, कपडे धुवायच्या टबात गार करायचं, बादलीत ओतून यीस्ट घालायचं आणि झाकण लावायचं. झाकणाच्या भोकात पाणी भरलेली वाकडी नळी बसते. आतला वायू तिच्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. तिला मी बुडबुडी म्हणते. दुसऱ्या दिवशी बुडबुडी बोलायला लागली की मला बरं वाटतं. भाजणी भाजताना स्वयंपाकघरात येतो तो वास त्या गॅरेजात यायचा. तिथे मी कुणाची आई नव्हते की कुणाची सून नव्हते.

नानांना पहिल्याच दिवशी कळलं. विमानतळावरून येऊन बूट काढतानाच त्यांनी गॅरेजच्या दाराकडे तोंड वळवलं आणि दोनदा श्वास ओढला. बोलले काही नाहीत. शंतनुने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की इथे घरी प्यायला बिअर करणं कायद्याने गुन्हा नाही. त्यांनी मान हलवली. पुढचे चार महिने त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही, आणि त्या न बोलण्याने मला जितका त्रास दिला तितका भांडणाने दिला नसता. मी फ्रिज उघडला की ते मागे उभे. मी केलेल्या प्रत्येक भाजीचं झाकण उचलून हुंगणार. शंतनु ऑफिसातून आला की काहीतरी निमित्त काढून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेणार. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर माझ्या पालकाच्या वाफ्यात झाडूचा दांडा खुपसून ते त्याचं टोक हुंगत होते. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की मी खिडकी आपटून लावली. त्यांनी वर पाहिलं आणि दांडा शांतपणे पुढच्या वाफ्यात खुपसला.

जेवताना छाप्यांच्या गोष्टी चालत. त्यातली एक त्यांची आवडती होती. मिरजेजवळच्या एका वस्तीत भट्टीवर छापा पडला की पुरुष पळून जायचे आणि बायका सापडायच्या. आनंदी नावाच्या एका बाईला नानांनी चार वेळा पकडलं, चारही वेळा आरोपी म्हणून तिचंच नाव घातलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, साहेब, तुम्ही बाईचं नाव लिहिता, घर कुणाचं ते कधी विचारत नाही. मग तिला सहा महिन्यांची कैद झाली, असं सांगून नाना हसायचे. कोणी हसलं नाही तरी हसायचे. तिची मुलं कुठे राहिली हे मी एकदा विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही, म्हणजे माझ्यासमोर तरी नाही.

जुलै उजाडला. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, ओला आणि हाडात शिरणारा. मी त्या वर्षीची सगळ्यात मोठी काळी बिअर लावली आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजमधलं तापमान नऊ अंशांवर आलं. बुडबुडी गप्प झाली. थंडीत यीस्ट झोपतं, आणि फार वेळ झोपलं तर दुसरेच जंतू माल खातात. बादलीला काहीतरी गुंडाळायला हवं होतं. मी कपाट उघडलं. वरच सासूबाईंची गोधडी होती, त्यांच्या निळ्या इरकली लुगड्यांची, हाताने शिवलेली. नानांनी ती सांगलीहून बॅगेत घालून आणली होती आणि एकदाही अंगावर घेतली नव्हती. ती कुणाची आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं माहीत होतं. हाताशी होती, जाड होती, घेतली. बादलीभोवती दोन वेढे दिले, दोरीने बांधली आणि कामावर गेले.

संध्याकाळी साडेचारला घरी आले तर गॅरेजचं दार सताड उघडं. बादलीवरची गोधडी गेलेली. झाकणावरून आडवाउभा सुतळीचा फास, गाठीवर लाल मेण आणि मेणात एक रुपयाच्या नाण्याचा ठसा. मेण अनुष्काच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्यांचं होतं. बादलीशेजारी स्टुलावर माझा आमटीचा डाव पडला होता, काळा, चिकट. नाना खुर्चीवर बसून फुलस्केप कागदावर लिहीत होते. कोट घातला होता. समोर जमिनीवर अनुष्का मांडी घालून बसली होती आणि कुंपणाच्या बाजूच्या दारात हेमी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून अवघडून उभा होता.

नानांनी छापा घातला होता. माझ्या गॅरेजवर, रीतसर. अनुष्काला शाळेतून आणल्यावर त्यांनी हेमीला हाक मारून बोलावलं, बादली उघडली, डावाने बिअर काढून लिंबाच्या सोड्याच्या तीन छोट्या काचेच्या बाटल्यांत नमुने भरले, घट्ट बुचं लावली, त्यावर मेण ओतलं, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. पंच म्हणजे हेमी आणि अनुष्का. खात्याच्या नियमाप्रमाणे पंच दोन लागतात आणि पापाकुरात त्यांना दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं.

मी हेमीकडे पाहिलं. त्याचं तोंड पडलं होतं. त्याला वाटलं होतं की ही आमच्यातली एखादी प्रार्थना आहे, नव्या पेयाला आशीर्वाद द्यायची. मेणबत्ती, दोरा, म्हातारा माणूस कोट घालून काहीतरी वाचून दाखवतोय, यावरून त्याने तसं धरलं आणि टोपी काढून उभा राहिला. सही मागितल्यावर स्वीट ॲज, म्हणजे चालेल की, म्हणत सही केली. अनुष्काला मात्र सगळं कळलं होतं. “आय साइन्ड इट इन मराठी, मॉम,” ती म्हणाली, आणि मला तिचा गर्व पाहून आणखी राग आला.

मी मुलीला आत पाठवलं, हेमी आपणहून गेला. मग मी नानांना विचारलं की चार महिने तोंड शिवून बसलात, आज काय झालं.

नानांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. “मालतीच्या गोधडीत दारू गुंडाळलीस,” ते म्हणाले. “बाकी कशाचं मला काही म्हणायचं नव्हतं.”

मी म्हणाले की ती दारू नाही, बिअर आहे, आणि गोधडी उबेसाठीच असते. माझा आवाज चिरका लागला होता. तिन्ही बाटल्या छातीशी धरून, काखेत गोधडी मारून ते खोलीत गेले. मी सुतळी कात्रीने कापली, मेण खरवडलं आणि झाकण उघडून पाहिलं. वरवर ठीक होतं. पण आमटीचा डाव, न उकळलेला, हळदीचा, आत बुडवून काढलेला, म्हणजे माल नासणार हे मला कळून चुकलं. त्या बादलीवर मी पंधरा दिवस विचार केला होता. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, दुःखाने नाही, संतापाने.

त्या संध्याकाळी अनुष्काला झोपवायला खोलीत गेले तेव्हा बाटल्या मला दिसल्या. खिडकीच्या फळीवर ओळीने मांडलेल्या, खाली तेलाचा हीटर. चिठ्ठीवर नानांच्या सुबक अक्षरात नमुना क्रमांक एक, दोन, तीन. मी पलंगावर बसलेल्या नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिवा मालवून बाहेर आले.

पुढचे दहा दिवस आम्ही एका घरात दोन शत्रूंसारखे राहिलो. मी त्यांचा चहा टेबलावर आपटायची. ते तो गार होईपर्यंत प्यायचे नाहीत. मी खोलीत आले की ते बाहेर जायचे. शंतनु दोन्हीकडून मार खात होता. तो मला म्हणायचा, नाना म्हातारे आहेत, आणि त्यांना म्हणायचा, मेधा दमते. मी त्याला एकदाच सांगितलं की तो कायमच्या राहण्याचा फॉर्म मी या घरातून जाऊ देणार नाही, आणि गॅरेजला कोणी खिळासुद्धा ठोकायचा नाही. त्याने फॉर्म खणात टाकला, पण मला माहीत होतं की तो मी शांत होण्याची वाट पाहतोय. बिअर नवव्या दिवशी आंबली. जेवताना नाना ताटात बघत शंतनुला म्हणाले, तिचा माल बिघडला. मी जाऊन चव घेतली तर खरंच व्हिनेगर झालं होतं. तेवीस लिटर मी मोरीत ओतले आणि ओतताना त्यांच्या नावाने जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहाव्या दिवशी शनिवार होता. सकाळी अनुष्काला पोहायला न्यायचं होतं. तिचे टॉग्ज, पोहायचे कपडे, सापडत नव्हते म्हणून ती पलंगाखाली वाकून शोधत होती. मी स्वयंपाकघरात होते, नाना टेबलापाशी गार चहा पीत होते. खोलीत स्फोट झाला. पाठोपाठ दुसरा. मग अनुष्काची किंकाळी.

तिला काही झालं नव्हतं. पलंगाने ती वाचली. खिडकीतल्या दोन बाटल्या फुटल्या होत्या, भिंतीवर काळा फवारा उडाला होता, आणि तिच्या उशीत काच घुसली होती. बोटाएवढा एक तुकडा तर उशीच्या बरोबर मध्यावर, जिथे पाच मिनिटांपूर्वी तिचं डोकं होतं. मी मुलीला उचलून बाहेर आणलं आणि शंतनुच्या हातात दिलं. मग टॉवेल टाकून तिसऱ्या बाटलीचं बूच ढिलं केलं. नाना दारात उभे होते आणि फुटलेल्या बाटल्यांकडे बघत होते.

“खात्यात नमुना दुसऱ्या दिवशी पुण्याला प्रयोगशाळेत जायचा,” ते हळू म्हणाले. “पुढे त्याचं काय होतं, ते मला कधी बघायला मिळालं नाही.”

साधी गोष्ट आहे. बिअर अर्धवट असताना घट्ट बूच लावलं की आतलं यीस्ट साखर खात राहतं, वायू साठत राहतो, आणि शेजारी हीटर असेल तर बाटली बॉम्ब होते. एकतीस वर्षं रसायन पकडलेल्या माणसाला एवढंही माहीत नव्हतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्या मुलीच्या उशाशी दहा दिवस बॉम्ब ठेवला होता, हेही सांगितलं. शंतनु मला थांबवायला आला आणि माझा चेहरा बघून थांबला.

“नाना, तुम्ही परत जा,” मी म्हणाले. “तुम्ही या घरात नको आहात मला.”

ते मागे वळले. खोलीत गेले, चष्मा लावला आणि उशी मांडीवर घेऊन तिच्यातल्या काचा बोटांनी वेचायला बसले. दुपारी बाराला मी आत गेले तेव्हाही ते वेचतच होते. अंगठ्यातून रक्त येत होतं. मी पट्टी दिली नाही. उशी तर मी तशीही फेकूनच देणार होते.

शंतनु त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूने उभा राहिला. पोरीचा जीव गेला असता, आता मला काही बोलायला जागा नाही, असं तो म्हणाला. तीन आठवड्यांनंतरचं तिकीट मिळालं. मला आनंद झाला, तो लपवणार नाही. मी गॅरेज धुऊन काढलं, नवी बादली आणली, तोटी उकळून घेतली. नाना जायच्या दिवसापर्यंत कुणाच्या ताटाला नाक लावायला आले नाहीत. अनुष्का तेवढी त्यांच्या मागेमागे फिरत होती आणि ते तिला मराठी मुळाक्षरं गिरवायला लावत होते.

विमानतळावर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लांब पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. एक प्रत द्यावी लागते, म्हणाले. मी ते पर्समध्ये कोंबलं. गोधडी त्यांच्या हातातल्या बॅगेत होती, तिचा निळा कोपरा चेनमधून बाहेर आला होता. वाकून नमस्कार करायचा तो मी केला नाही आणि त्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला नाही.

घरी आल्यावर मी गॅरेजमध्ये बसून पाकीट फोडलं. पंचनामाच होता, तीन पानी, सुवाच्य. मु. पो. पापाकुरा, दिनांक, वेळ, दोन पंचांची नावं. एक पांढरी प्लास्टिकची बादली, तीस लिटर मापाची. आत काळसर फेसाळ द्रव. नाना सांगायचे की त्यांच्या सगळ्या पंचनाम्यांत एकच वाक्य असायचं: उग्र, आंबट, नाकास झोंबणारा वास. इथे त्यांनी लिहिलं होतं: वास भाजलेल्या धान्याचा, खमंग. मी ते दोनदा वाचलं.

मग आरोपीचं नाव. मला वाटलं माझं असेल. तिथे लिहिलं होतं: नारायण विष्णू अभ्यंकर, वय बहात्तर, धंदा निवृत्त, घरातील वडीलधारा पुरुष या नात्याने. माझं नाव तिन्ही पानांत आरोपी म्हणून कुठेच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर माझ्याही नावावर आहे, हात माझे, अक्कल माझी, आणि माझी बिअरसुद्धा हा माणूस स्वतःच्या नावावर लावून गेला. मिरजेची आनंदी मला आठवली, पण तेव्हा ती आठवण मी झटकून टाकली.

तिसऱ्या पानाच्या तळाशी नंतर जोडलेली पुरवणी होती, वेगळ्या शाईत, बाटल्या फुटल्याच्या तारखेची. अक्षर थोडं हललेलं होतं. नमुन्याच्या दोन बाटल्या फुटल्या, नात थोडक्यात बचावली. या निष्काळजीपणास मी एकटा जबाबदार आहे. बुचे घट्ट लावल्याने असे होऊ शकते याची घरातील अन्य कोणासही कल्पना नव्हती. खाली सही. सहीखाली, सरकारी कागदावर असतं तसं, प्रत माहितीसाठी: सौ. मेधा शंतनु अभ्यंकर.

मला कल्पना होती.

छाप्याच्या संध्याकाळीच होती. दिवा मालवायच्या आधी मी त्या बाटल्या पाहिल्या, घट्ट बुचं पाहिली, खालचा हीटर पाहिला आणि मला कळलं. ही गोष्ट मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला वाटलं, बुचं उडतील, त्यांच्या कोटावर आणि पांढऱ्या चादरीवर काळे डाग पडतील, त्यांची चांगली फजिती होईल. होऊ दे, असं मनात म्हणाले. पलीकडच्या पलंगावर माझी मुलगी झोपते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही, इतकी मी त्यांच्यावर चिडले होते. दहा दिवस रोज त्या खोलीत जाऊन मी ती बुचं पाहत होते आणि दहा दिवस गप्प होते. आणि त्या संध्याकाळी नानांनी माझ्याकडे पाहिलं होतं. ज्या माणसाला जमिनीखालचं पिंप कळायचं, त्याने माझ्या तोंडावर काय वाचलं आणि पुरवणीत ते वाक्य मुद्दाम घातलं की खरंच त्यांना तसं वाटत होतं, हे मी त्यांना विचारू शकत नाही. विचारायचं तर सांगावं लागेल.

शंतनुला पंचनामा दाखवला नाही. दाखवला आणि पुढचं बोलले तर तो दुसऱ्या दिवशी नानांना परत बोलावील, हे मला माहीत आहे. याला आता तीन वर्षं झाली. फॉर्म खणात आहे, त्याच्यावर अनुष्काची जुनी वह्यापुस्तकं आहेत. नाना सांगलीला एकटे असतात, स्वतःच्या हाताने भात लावतात. मला ते अजूनही आवडत नाहीत. रविवारी फोन येतो तेव्हा ते आधी अनुष्काशी बोलतात. ती त्यांना इंग्रजीत उत्तरं देते आणि त्यांना ती कळतात. मग फोन माझ्याकडे येतो. ते दर वेळी एवढंच विचारतात, गॅरेज कसं आहे. मी म्हणते, बरं आहे. कोपऱ्यात बुडबुडी चालू असते, आणि मी फोन ठेवायची वाट बघते.